रुमालाखालचा दर्जा

हेमांगीने ग्रुप काढला, त्याला 'कापूस पारखी' असं झोकदार नाव दिलं, आणि तिला वाटलं, आता ज्ञानाची गंगा दारात येणार. आली ती गुलाबाची फुलं. सकाळी गुलाब, दुपारी सुविचार, संध्याकाळी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. कापसाबद्दल चकार शब्द नाही. तिने लिहावं, "आदरणीय सर्वांना नमस्कार, कृपया आपले अनुभव मांडावेत," आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग यावी. हात जोडायला कुणी सांगितलं होतं? तिला तोंडं उघडायला हवी होती.

ग्रुपमध्ये होते तिघे निवृत्त ग्रेडर. ग्रेडर म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. सरकारी खरेदी केंद्रासमोर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची, त्या काळी एक माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बघायचा, ताणायचा आणि दर्जा सांगून मोकळा व्हायचा. वर्षभराची मेहनत त्या एका शब्दावर. त्यातले सगळ्यात मोठे धुळ्याचे रुपचंद आबा. ऐंशीच्या घरातले, आवाज अजून खणखणीत. आबांनी एकदा स्वतःच्या मेहुण्याची गाडी कवडीत काढली होती. कवडी म्हणजे किडका, पिवळा, सगळ्यात हलका कापूस. बायकोने त्या दिवाळीला त्यांच्याशी अबोला धरला, पण गाडीचा दर्जा काही बदलला नाही. दुसरे पारोळ्याचे शकीलभाई. ते पारोळ्याच्या केंद्रावर उभी हयात आबांच्या शेजारी सहायक म्हणून बसले. तिसरे जळगावचे भूपेंद्रभाऊ, तिघांत धाकटे, म्हणजे त्यांचेही सगळे केस पिकलेले, पण जीभ अजून हिरव्या मिरचीसारखी.

आणि हेमांगी? ती शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, 'नवी वेचणी' नावाच्या महिला शेतकरी कंपनीची व्यवस्थापक. कंपनी म्हटलं की काचेची इमारत डोळ्यांपुढे येते. इथे एक पत्र्याची शेड, एक वजनकाटा आणि तीसेक बायका होत्या. या बायकांनी यंदा ठरवलं होतं, कापूस गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला घालायचा नाही. एकत्र करायचा, जिनिंगमध्ये नेऊन सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि थेट सूतगिरणीला द्यायच्या. एका सूतगिरणीचा साहेब कसाबसा तयार झाला, पण सांगून ठेवलं त्याने: "आमच्या प्रयोगशाळेत तपासणी होईल. पहिलीच खेप परत गेली, तर पुन्हा आमच्या दारात येऊ नका." व्यापारी तर टपूनच बसले होते. खेप परत आली असती तर या बायका पुन्हा त्यांच्याच काट्यावर उभ्या राहिल्या असत्या, आणि तेही मान खाली घालून.

म्हणून हेमांगीला जाणत्यांची नजर हवी होती. जाणते धुळ्याला, पारोळ्याला, जळगावला. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला मुलगा एकट्याने बसमध्ये चढू देत नाही. मग राहिला फोन. गावातले टवाळ म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा हा! धुळ्यात बसून शिरपूरचा कापूस पारखणार म्हणे!"

आदराने काही होत नाही म्हटल्यावर हेमांगीने एक दिवस खोडी काढली. शेडच्या कोपऱ्यात गेल्या हंगामापासून पडलेला मातकट, पत्तीने म्हणजे वाळल्या पानांच्या चुऱ्याने भरलेला मूठभर कापूस घेतला, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हा एक नंबर कापूस आहे ना?"

चहा निवायच्या आत भूपेंद्रभाऊंचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, पण ऐकणाऱ्याच्या कानाखाली बसेल असा. "कोण गाढव म्हणतो याला एक नंबर? हा कापूस आहे का उकिरडा? पत्ती बघ, माती बघ!" पाठोपाठ शकीलभाई: "बेटी, हा फरदडीचा आहे. वेचण्या संपल्यावर झाडाला जे मागून येतं ना, ते." आणि मग आबा. त्यांना टाइप करता येत नसे, त्यांनी थेट फोनच लावला आणि अर्धा तास हेमांगीला नुसता धाग्याचा ताण समजावला. गुलाबाची फुलं त्या दिवशी जी बंद झाली ती झालीच.

मोठ्या माणसांचं असंच असतं बघा. 'अनुभव मांडा' म्हटलं की ती पाहुण्यासारखी अवघडून बसतात. त्यांच्यासमोर काम चुकीचं करा, मग त्यांना कोण अडवतो! त्यानंतर आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर बैठक होऊ लागली. आबांचं फक्त कपाळ दिसायचं आणि त्यामागे फिरता पंखा. शकीलभाईंच्या घरी त्यांची बायको कनीजचाची फोन धरून बसायची आणि मधूनच स्वतःही दोन प्रश्न विचारून घ्यायची. हेमांगी शिकत गेली. कापूस बोटांत कसा धरायचा, दोन अंगठ्यांमध्ये तंतू कसा ओढायचा, तो 'टण्' तुटला तर कसला आणि नुसता सुटून आला तर कसला. तिच्या कृषी पदवीत हे कुठेच नव्हतं असं नाही. पण पुस्तकातला धागा कधी तुटत नाही, एवढाच फरक.

शेवटी पारखायचा दिवस आला. डिसेंबरची दुपार होती, शेडमध्ये कापसाची गंजी छताला टेकलेली. बाहेर ट्रॅक्टर उभा, कारण जिनिंगवाल्याने दुसऱ्या दिवशीची वेळ दिली होती आणि हंगामात अशी वेळ मिळणं म्हणजे देव पावणं. एकदा का कापूस यंत्रात गेला आणि त्याच्या गाठी बांधल्या, की चांगलं-वाईट सगळं एक. मग ते कुणाच्या बापाला वेगळं करता येत नाही.

हेमांगीने फोन खांबाला बांधला. गंजीच्या वेगवेगळ्या बाजूंनी आणि मधोमधूनही वीतभर आतले नमुने काढून ओळीने मांडले. आबा म्हणाले, "उजेडात धर." तिने धरला. "आता ताण." तिने ताणला. भूपेंद्रभाऊंनी प्रत्येक नमुना पांढऱ्या कागदावर ठेवायला लावला. शकीलभाईंची मागणी निराळीच. "बेटी, प्रत्येकातली एक सरकी काढ आणि फोनच्या अगदी जवळ तोंड आणून चाव."

"चावू?"

"चाव. माझे दात गेले, बेटी. आधी मीच चावायचो. आता दात तुझे, कान माझे."

बाजूला उभ्या असलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. हेमांगीने एकेक सरकी चावली. कट्ट. कट्ट. मग पुढची. एका सरकीला शकीलभाई म्हणाले, "ती परत चाव." तिने परत चावली. त्यांनी मान हलवली, कशासाठी ते काही कळलं नाही.

सगळं बघून झालं. आता हेमांगीने जे केलं ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. घरात चार माणसं बसली असली तर पहिला शब्द कुणाचा? मोठ्यांचा. ती म्हणाली, "आबा, आधी तुम्ही सांगा."

आबांनी घसा खाकरला. "चांगला शे. पांढरा शुभ्र, धागा लांब. एक नंबर लिही."

"जी आबा," शकीलभाई म्हणाले.

"आबा म्हणतात तसं," भूपेंद्रभाऊ म्हणाले. हे तेच भूपेंद्रभाऊ बरं, फोटो बघून जगाला गाढव म्हणणारे.

शेडमध्ये टाळ्या पडल्या. दिपमाला, तीसेक बायकांतली सगळ्यात उत्साही, तिने तर गूळ आणायला पोरीला पिटाळलं. हेमांगीच्या छातीवरचं ओझं उतरलं. ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायला ती वळलीच होती, तेवढ्यात फोनमधून आबा कडाडले.

"थांब! कुठे चाललीस?"

"ट्रॅक्टर भरायला सांगते, आबा."

"काही भरायचं नाही. शकील, माझं 'लिही' पुरतं व्हायच्या आधीच तुझं 'जी' बाहेर पडलं. माझं बोलणं तरी संपू द्यायचं! आणि भूपेंद्र, तू? तुझ्या घरी तुझी बायको म्हणाली की आज सोमवार आहे, तरी तू कॅलेंडर बघतोस. माझं मात्र लगेच पटलं?"

हेमांगीला, खरं सांगायचं तर, रागच आला. म्हाताऱ्याला नसती उठाठेव सुचली, असंच तिच्या मनात आलं. दर्जा मिळाला, तोही हवा तोच, तिघांचाही एकमताने. आता भरल्या ताटात माती कालवायची काय गरज होती?

"तिघांचं एकमत नाही ते," आबा म्हणाले, जणू तिच्या मनातलं ऐकू आलं असावं. "ते माझं एकट्याचं मत आहे, तीन तोंडांनी बोललेलं. आणि माझा डावा डोळा, सांगूनच टाकतो, हल्ली सगळंच पांढरं दाखवतो. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू. तेव्हा आता रुमाल टाकायचा."

"कसला रुमाल?"

आबांचे वडील बैलांच्या बाजारात दलाल होते. त्या बाजारात सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकत, आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी एकाचा भाव दुसऱ्याला कळायचा नाही, म्हणून कुणाला कुणाच्या भावाची भीड पडायची नाही. आबांनी हे सगळं फोनवर समजावलं, हात उंचावून, रुमाल टाकल्याचं नाटक करून. कपाळाऐवजी पहिल्यांदाच त्यांची बोटं दिसली.

"आता कॅमेरे बंद. प्रत्येकाने आपला दर्जा एकट्या हेमांगीच्या नंबरवर पाठवायचा. ग्रुपवर नाही, तिच्या नंबरवर. मीपण पाठवतो, सून टाइप करून देईल. आणि शकील, तुला आपल्या मीठभाकरीची शपथ. मी काय म्हणालो ते विसर आणि तुझ्या कानाने काय ऐकलं तेवढं लिही."

तिन्ही चेहरे गेले. हेमांगी फोन हातात घेऊन शेडच्या कोपऱ्यात उभी राहिली. पहिला संदेश आबांचा: 'एक नंबर.' त्यांनी आपलं मत बदललं नव्हतं. दुसरा भूपेंद्रभाऊंचा: 'फोनचा कॅमेरा खुशामतखोर असतो, सगळ्यालाच गोरं करतो. तरी गंजीच्या मधल्या नमुन्याला कागदावर पिवळी झाक दिसली. मला शंका आहे. आबांसमोर बोलायला जीभ रेटली नाही.' तिसरा यायला वेळ लागला. 'लिहितायत' असं दिसायचं, मग पुसलं जायचं. शेवटी आला: 'बेटी, मधल्या नमुन्याची सरकी ओली आहे. सुकी सरकी कट्ट बोलते, ही मचक बोलली. दोनदा ऐकलं. गंजीच्या पोटात हात घालून बघ. ऊब लागली तर कापूस आत तापतोय. जिनिंगला देऊ नको. मला माफ कर.'

आता इथे हेमांगीची परीक्षा होती, आणि ती कुणालाही दिसत नव्हती. रुमालाखाली काय आहे हे जगात फक्त तिला माहीत होतं. तिने म्हटलं असतं, 'तिघांचाही एक नंबर,' तर कोण खोटं पाडणार होतं? शकीलभाई तर मान खाली घालून पुन्हा 'जी' म्हणाले असते. बाहेर ट्रॅक्टर, आत गुळाचा वास, बायकांचे उजळलेले चेहरे. क्षणभर तिचं मन घसरलं, हे कबूल केलंच पाहिजे.

पण हात काही घसरला नाही. तिने बाही वर केली आणि गंजीच्या मधोमध खांद्यापर्यंत हात खुपसला. बाहेरचा कापूस गार होता. आत, कोपराच्या पुढे, तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखी ऊब होती. तिने मूठ भरून बाहेर काढली. तो कापूस हाताला चिकटत होता, आणि उजेडात धरल्यावर पिवळसर होता.

दिपमाला पुढे आली. तिचा चेहरा पडला होता. "ताई, हाई मनी चूक शे. घरमा लगीन व्हतं, मंग मी दवमाच कापूस येचा आणि तसाच आणी टाका. माले वाटनं, एवढा मोठा गंजमा काय कळनार शे?" एवढं बोलून ती रडायला लागली. सकाळच्या दवात वेचलेला कापूस ओला राहतो, सुकवल्याशिवाय गंजीत घालायचा नसतो, हे तिलाही माहीत होतं. लग्नाच्या घाईत माणूस काय काय करतं!

हेमांगी फोनसमोर आली. तिघांचे चेहरे परत उघडले. आणि आता तिची जीभ अडखळली. आबांना कसं सांगायचं? ज्यांच्या शब्दावर एके काळी खानदेशच्या गाड्या वळायच्या, त्यांना दोन धाकट्यांनी खोडलं होतं, आणि तेही खरं ठरलं होतं.

"आबा, मी नंतर फोन करून..."

"नंतर नाही. आत्ता, सगळ्यांसमोर. नावासकट वाच."

तिने वाचलं, आधी आबांचं, मग भूपेंद्रभाऊंचं, मग शकीलभाईंचं. आत हात घालून काय लागलं तेही सांगितलं. शकीलभाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. त्यांच्यामागे कनीजचाची ओठांवर पदर धरून उभी होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शकील."

"जी, आबा."

"केंद्रावर असं कधी झालं होतं का? तुला वेगळं वाटलं आणि तू 'जी' म्हणालास?"

"आबा, जाऊ द्या ना आता."

"झालं होतं का?"

शकीलभाईंनी हात खाली केले. "झालं होतं. फार नाही, कधीतरी. थंडीच्या सकाळच्या गाड्या असायच्या. मी सरकी चावायचो, तुम्ही रंग बघायचे. तुम्ही दर्जा सांगून मोकळे व्हायचे, मग मी काय बोलणार? तुम्ही मोठे. आणि आबा, तुम्ही कधी विचारलंच नाही."

हे शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, फोनवर नीट दिसलं नाही, कॅमेऱ्याने फसवलं, डोळ्याने दगा दिला. सगळ्या सबबी तयार होत्या आणि सगळ्या खऱ्याच होत्या. आबांनी त्यातली एकही उचलली नाही. त्यांनी फोन जवळ ओढला, त्यामुळे पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा दिसला, पांढऱ्या मिशा, पाण्याने भरलेले डोळे, सगळं.

"बरोबर बोललास. मी विचारलं नाही. मला वाटायचं, माझं कधी चुकत नाही म्हणून सगळे मान हलवतात. चूक माझी, शकील, तुझी नाही." मग आवाज चढवून, "आता रडत काय बसता बठ्ठा, सगळेच्या सगळे! हेमांगी, जिनिंगवाल्याला सांग, उद्याची वेळ नको. गंजी मोड. कापूस ओट्यावर पसर. आणि त्या बाईला रागावू नका, तिने आपल्या तोंडाने कबूल केलंय. शकील, आजपासून दर्जा तू सांगायचा. मी फक्त पुकारा करणार."

आणि मग जे झालं ते गावातल्या टवाळांनीही येऊन बघितलं. गंजी मोडली. बायका गठ्ठे काढत होत्या, प्रत्येक गठ्ठ्यातली एक सरकी काढून खांबाला बांधलेल्या फोनजवळ जात होत्या आणि चावत होत्या. आबा पुकारत, "पुढची या!" आणि शकीलभाई डोळे मिटून ऐकत. "सुकी." "सुकी." "ओली, बाजूला काढा." "बेटी, तू नीट नाही चावलीस, मागच्या दाढेने चाव." भूपेंद्रभाऊ रंगावर नजर ठेवून होते आणि मधूनच ओरडत, "अहो, आमचा कापूस गेला का खायला सगळा?" बायकांना हसू आवरेना. दिपमालाने सगळ्यात जास्त सरक्या चावल्या. संध्याकाळपर्यंत तिचे दात आंबले, तरी ती जागची हलली नाही.

तीन म्हातारे तीन गावांत बसलेले. एकाचे दात गेलेले, एकाचा डोळा गेलेला, एकाचे गुडघे. पण त्या दुपारी तिघांचा मिळून एक असा जबरदस्त माणूस शेडमध्ये उभा होता की हेमांगीला वाटलं, असा ग्रेडर या मुलखात कधी झालाच नसेल. तिला त्यांचा इतका अभिमान वाटला की तो लपवायला तिने ट्रॅक्टरवाल्यालाच उगाच दोन शब्द सुनावले.

ओला कापूस वेगळा झाला, उन्हात सुकला, कमी दर्जात गेला. चांगला चांगल्यात राहिला. जिनिंगवाल्याने नाकदुऱ्या काढायला लावून दुसरी वेळ दिली. खेपेबरोबर पारखीचा कागद जायचा होता, तेव्हा आबांनी हट्ट धरला की त्यावर तिघांची मतं आधी होती तशीच लिहायची. म्हणजे आबांनी एक नंबर म्हटलं होतं आणि ते चुकलं, हेही. हेमांगीने खूप सांगून पाहिलं. "लिही म्हटलं ना! ज्या कागदावर मोठ्याची चूक लिहिता येते, त्याच कागदावर गिरणीवाला विश्वास ठेवेल." शेवटी तिने लिहिलं.

खेप गेली. गिरणीची प्रयोगशाळा तपासणार आणि कळवणार. ते दिवस हेमांगीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. फोन वाजला की हातातलं काम टाकून धाव. बायका रोज काही ना काही निमित्त काढून शेडवर यायच्या, विचारायच्या काही नाहीत, नुसत्या बसायच्या. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा चक्कर मारून गेला.

मग एका सकाळी गिरणीचा निरोप आला. खेप पास. पुढच्या वर्षी कापूस आहे का, असंही साहेबाने विचारलं होतं.

शेडमध्ये काय गोंधळ झाला तो सांगायला नको. हेमांगीने पहिला फोन आबांना लावला. लागेना, दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं चालू होतं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिने पारोळ्याला लावला, तोही व्यस्त. शेवटी बऱ्याच वेळाने कनीजचाचीने उचलला, आणि तिचा आवाज हसत होता की रडत होता, काही कळेना.

"थांब, बेटी. त्यांना देते. सकाळपासून आबांचाच फोन चालू होता."

शकीलभाई फोनवर आले. हेमांगीने एका दमात सगळं सांगितलं, पास झाली, पुढच्या वर्षीचंही विचारलं. शकीलभाई "माशाअल्लाह, माशाअल्लाह" म्हणत राहिले.

"बेटी, आबांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, ठाऊक आहे? डॉक्टरने सांगितलंय, काही दिवस नजरेचं काम नाही. तर रोज सकाळी फोन करतात. बाजारातून सरकी आणून ठेवलीय, काही भिजवलेली, काही सुकी. सुनेला सांगतात, कोणती ते मला सांगू नको, हातात दे. फोनजवळ तोंड आणून चावतात आणि मला म्हणतात, 'शकील, मी म्हणतो सुकी. तू सांग.' या वयात, बेटी! म्हणतात, शिकव मला, राहून गेलं."

"मग? जमतंय का त्यांना?"

"कुठलं जमतंय!" शकीलभाईंचा आवाज फुटला. "आज सकाळी म्हणाले, सुकी. आणि ती साफ ओली होती. सवयीने माझं 'जी' आलंच होतं ओठांवर, कनीजला विचार. गिळलं मी. आणि म्हणालो, 'नाही, आबा.'"

"मग आबा काय म्हणाले?"

"काही नाही. हसले. म्हणाले, परत म्हण."